रस्सा बाजूला ठेवा, फोडी मोजून वाढा
किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांना तातडीचं आवाहन

आखाड संपत आला आहे. गटारीला आता मोजके दिवस उरले आहेत. घरोघरी मटणाचे बेत ठरताहेत, लेकी-जावयांना निरोप जाताहेत, रानातल्या पार्ट्यांच्या तारखा पक्क्या होताहेत. हे आवाहन याच आठवड्यात करण्याचं कारण स्पष्ट सांगते. पुढचे पंधरा-वीस दिवस किडनीच्या रुग्णांना दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहेत. ‘एक दिवस खाल्लं तर काय होतंय’ म्हणत आधी त्यांचं ताट भरभरून वाढलं जाईल. मग श्रावण लागला की त्याच ताटातून मटण, मासे, अंडी सगळंच एका दिवसात नाहीसं होईल. पहिल्या चुकीने मीठ, पाणी आणि पोटॅशियम अंगावर येतं. दुसरीने अंगातलं मांस झडतं. माणूस दोन्ही चुकांनी दवाखान्यात भरती होतो.

मी आहारतज्ज्ञ आहे. किडनीच्या रुग्णांचं जेवण ठरवून देणं हेच माझं काम. या कामात एक गोष्ट इतक्या घरांत पाहिली आहे, की आता ती जाहीरपणे सांगणं भाग आहे. ‘किडनीला मटण चालत नाही’ हे वाक्य आपल्याकडे गावोगावी पोचलं आहे, पण ते अर्धवट पोचलं आहे. त्यातून घरच्यांनी आपापली वाट काढली आहे: पेशंटला फोडी द्यायच्या नाहीत, नुसता रस्सा द्यायचा. तोंडाला चव येते, मनही राखलं जातं, पथ्यही पाळल्यासारखं होतं. प्रेमापोटी केलेली ही वाटणी शास्त्राच्या दृष्टीने बरोबर उलटी आहे. जे काळजीचं आहे ते बरंचसं रश्शात उतरतं. जे रुग्णाला मोजून का होईना हवं असतं, ती प्रथिनं फोडीत राहतात.

म्हणून पहिली विनंती इथेच करते. या गटारीला तुमच्या घरातल्या किडनीच्या रुग्णाला रश्शाची वाटी देऊ नका. फोडी किती द्यायच्या, हे मात्र एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी हा एक प्रश्न

डायलिसिस सुरू आहे का? मटण-मासे-अंड्यांचा निर्णय घेण्याआधी हे विचारा, कारण ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांचा आहार एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहे.

आपण खातो ती प्रथिनं पचल्यावर शरीरात युरियासारखा कचरा तयार होतो. तो लघवीवाटे बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी अधू झाली, की जास्त प्रथिनांचा भार तिच्या उरलेल्या गाळण्यांवर पडतो आणि त्याही लवकर झिजतात. म्हणून ज्यांचं क्रिएटिनिन वाढलं आहे पण डायलिसिस सुरू झालेलं नाही, अशांना प्रथिनं बेताने घ्यायला सांगतात. किडनीच्या आजाराची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्यासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं धरतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ४८ ग्रॅम. काहींच्या बाबतीत डॉक्टर हे प्रमाण आणखी खाली, ०.६ ग्रॅमपर्यंत आणतात. पण ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या नजरेखाली, वरचेवर तपासण्या करून. आपल्या मनाने नाही.

डायलिसिस सुरू झालं, की हिशेब उलटतो. आता कचरा काढायला मशीन आहे. पण मशीन रक्तातल्या कचऱ्याबरोबर शरीराला लागणारी अमिनो आम्लंही काढून नेतं. एका बैठकीत साधारण ६ ते १२ ग्रॅम. पोटाच्या डायलिसिसमध्ये, म्हणजे पिशवीतलं पाणी पोटात भरून काढतात त्या पद्धतीत, प्रथिनं रोजच्या रोज पाण्याबरोबर वाहून जातात. शिवाय आजारपणामुळे शरीराची झीज चालूच असते. म्हणून या रुग्णांना दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्याच ६० किलोच्या माणसाला आता ६० ते ७२ ग्रॅम. निरोगी माणसाच्या गरजेपेक्षाही जास्त.

हा फरक कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि घरोघरी अनर्थ होतो तो इथे. डायलिसिसच्या आधी दोन-तीन वर्षं ‘प्रथिनं कमी’ हे पथ्य पाळलेलं असतं. मशीन सुरू झालं तरी घरात तेच पथ्य चालू राहतं. किंवा शेजारचे काका डायलिसिसवर असतात, त्यांना डॉक्टरांनी रोज अंडी खायला सांगितलेली असतात, ते ऐकून डायलिसिस नसलेला माणूस रोज चार अंडी खाऊ लागतो. दोघांचा आजार एकच, पण एकाचं पथ्य दुसऱ्याला विष ठरतं. कृपा करून शेजाऱ्याचा आहाराचा कागद उतरवून घेऊ नका.

मशीनवर असलेला माणूस उपाशी मरतो आहे

हे शब्द कडक आहेत, पण जाणून वापरते आहे. डायलिसिस विभागात खुर्चीवर बसलेल्या रुग्णांचे हात पाहा. मनगटावर घट्ट बसणाऱ्या बांगड्या वर्षभरात कोपराकडे सरकू लागतात. दंडाचा घेर उतरतो, कानशिलं आत जातात, जिना चढताना मांड्या थरथरतात. घरचे म्हणतात, ‘पण वजन तर तेवढंच आहे!’ वजन तेवढंच दिसतं, कारण झडलेल्या मांसाची जागा अंगात साठलेल्या पाण्याने घेतलेली असते. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही. तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून आणि हातापायांच्या ताकदीवरून कळतो. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली उतरलं असेल, तर ‘अशक्तपणा असायचाच’ म्हणून सोडून देऊ नका. अल्ब्युमिन खालावलेल्या डायलिसिसच्या रुग्णांत जंतुसंसर्ग आणि मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झालेलं आहे.

यात बायकांचे हाल सगळ्यात जास्त. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. मटणाच्या दिवशी फोडी आधी पाहुण्यांच्या, मग पुरुषांच्या, मग पोरांच्या ताटात जातात. तिच्या वाट्याला तळाशी राहिलेला रस्सा, एखादी नळी आणि भाकरी. ती डायलिसिसवर असेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा मशीन तिची प्रथिनं काढून नेतं आणि घर ती भरून देत नाही. सासूबाईंना, सासरेबुवांना, तिच्या नवऱ्याला आणि मुलांना माझं हात जोडून सांगणं आहे: गटारीला तिच्या वाटणीच्या फोडी आधी काढून झाकून ठेवा. सगळे बसायच्या आधी तिला वाढा.

सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. त्यामुळे गरीब घरातल्या माणसालाही आज मशीन मिळू लागलं आहे. मशीनचा खर्च योजना उचलते. रोजच्या दोन-तीन अंड्यांचा खर्च घरालाच उचलायचा आहे. तो टाळला, तर मशीनच्या उपचारातलं निम्मं यश वाया जातं.

किती? हे घ्या माप

मापाशिवाय पथ्य म्हणजे नुसतं घाबरवणं. म्हणून ६० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब मांडते. तुमचं वजन कमी-जास्त असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलतील.

एका मध्यम चपातीत सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं असतात, मोठ्या ज्वारीच्या भाकरीत ६ ते ७, वाटीभर भातात ३, वाटीभर वरणात ६, छोट्या पेल्यातल्या दुधात किंवा दह्यात ५. म्हणजे चार चपात्या, वाटीभर भात, वाटीभर वरण आणि थोडं दूध-दही एवढ्यातच २६-२७ ग्रॅम प्रथिनं पोटात गेलेली असतात.

अंड्यात ६ ग्रॅम, त्यातली साडेतीन पांढऱ्यात. काडेपेटीएवढ्या, बिनहाडाच्या, शिजलेल्या मटणाच्या, चिकनच्या किंवा माशाच्या एका तुकड्यात साधारण ७ ग्रॅम.

आता दोन ताटं वेगवेगळी वाढा. डायलिसिस नसलेल्या माणसाला त्या दिवशी काडेपेटीएवढे दोन, फार तर अडीच तुकडे. आणि ज्या दिवशी हे तुकडे, त्या दिवशी वरणाची वाटी अर्धी. मटणही, डाळही, वर उसळही, वर रात्री दूधही, असा बेत नको. डायलिसिसवर असलेल्या माणसाला तीन-चार तुकडे आणि दिवसभरात तीन अंड्यांचं पांढरं. मग हिशेब ६० च्या आसपास पोचतो. हे त्याला रोज लागतं, फक्त गटारीला नव्हे.

जे शाकाहारी आहेत त्यांनी यातून मांस खायलाच हवं असा अर्थ काढू नये. डाळी, पनीर, सोयाबीन यांतूनही गरज भागवता येते, आणि डायलिसिस नसलेल्यांना तर वनस्पतींतली प्रथिनं जास्त मानवतात. शाकाहारी रुग्णांनी आपली डाळ आणि पनीर किती, एवढं विचारून घ्यावं. पण ज्याने जन्मभर मांस-मासे खाल्ले, त्याचं ताट एका रात्रीत रिकामं करून त्याला औषधांवर जगायला लावणं, हे पथ्य नव्हे.

रस्सा का नको

मटण शिजतं तेव्हा त्यातलं बरंचसं पोटॅशियम आणि काही फॉस्फरस पाण्यात उतरतो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्याला अळणी म्हणतात, ते मटणाचं उकळलेलं पाणी आजाऱ्याला आणि बाळंतिणीला ताकद येण्यासाठी द्यायची पद्धत आहे. इतरांना ते खुशाल द्या. किडनीच्या रुग्णाला देऊ नका. पायाचं सूप, नळीचं सूप हेही त्यातच आलं.

तांबड्या रश्शात या पाण्यावर सुकं खोबरं, तीळ, कांदा, टोमॅटो यांचं वाटण पडतं. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस. सुक्या खोबऱ्यात आणि नारळाच्या दुधात पोटॅशियम भरपूर, तीळ-खसखस-काजूत फॉस्फरस भरपूर. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ कुटतानाच घातलेलं असतं, त्यावर भाजीत पुन्हा मीठ पडतं. हे सगळं वाटीत एकवटून येतं.

आणि मटणाच्या जेवणात एका वाटीवर कोण थांबतं? चार वाट्या रस्सा म्हणजे अर्धा लिटरहून जास्त पाणी. ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली आहे आणि ज्याला दिवसभरात मिळून लिटरभर पाणी सांगितलं आहे, त्याची निम्मी मर्यादा एका पंगतीत संपली. खारटामुळे लागलेली तहान वेगळीच. मग रात्री आडवं झालं की धाप लागते आणि पहाटे गाडी काढावी लागते. पोटॅशियमचा धोका तर याहून गप्प असतो. रक्तात ते साडेपाचच्या वर गेलं की चिंता, सहाच्या वर गेलं की जिवाशी गाठ. आधी काही त्रास जाणवेलच असं नाही, एकदम हृदयाचे ठोकेच बिघडतात.

चुलीवर करायचं ते असं

चव सोडावी लागत नाही, रीत बदलावी लागते. आज संध्याकाळी करून पाहा.

बिनहाडाचं, चरबी काढलेलं मटण किंवा चिकन घ्या आणि नेहमीपेक्षा लहान तुकडे करा. स्वच्छ धुऊन मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळत ठेवा. चिकनला दहा-पंधरा मिनिटं, मटणाला त्याहून थोडा जास्त वेळ. मग ते पाणी, कितीही जीव तुटला तरी, ओतून टाका. घरातल्या इतरांच्या रश्शासाठी वापरायचं असेल तर बिनदिक्कत वापरा. दुसऱ्या कढईत थोड्या तेलात बारीक चिरलेला थोडा कांदा परता. आलं-लसणाचा ठेचा, हळद, मिरपूड, धने-जिऱ्याची ताजी पूड, हवी तर दालचिनीचा तुकडा घाला. त्यात उकडलेले तुकडे टाकून मंद आचेवर झाकण ठेवून सुके परता. मटण कच्चट राहिलं असेल तर पाण्याचा हबका मारून मऊ होईपर्यंत शिजवा. उतरवताना लिंबू पिळा, वर कोथिंबीर. खोबरं, तीळ, खसखस, काजू, टोमॅटोची प्युरी यातलं काही नको. मीठ शेवटी, चिमटीने, आणि तेही डॉक्टरांनी दिलेल्या दिवसभराच्या मापातलंच. हे माप बहुतेकांना दिवसाला छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मिठाच्या आत असतं, आणि त्यात सगळ्या पदार्थांतलं मीठ धरायचं असतं.

मिठाबद्दल दोन गैरसमज आत्ताच दूर करा. सैंधव हेही मीठच आहे, त्यानेही सोडियम तेवढंच जातं. आणि बाजारात ‘कमी सोडियमचं’ म्हणून जे मीठ मिळतं, त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबाच्या साध्या रुग्णाला ते चालेल. किडनीच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं.

मासे, अंडी आणि काय टाळायचं

ताजे मासे चांगले. सुरमई, पापलेट, रावस यांचा एक मध्यम तुकडा उकडून, वाफवून किंवा थोड्या तेलावर परतून द्या. कालवणातला असेल तर तुकडा उचला, कालवण ठेवा. मांदेलीसारखे बारीक मासे कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ले जातात, त्या काट्यांतून फॉस्फरस जातो. ते टाळा.

सुकी मासळी हा कोकणातल्या घराघराचा पावसाळ्यातला आधार. पण खारा बांगडा, खारी सुरमई यांत मीठ मुरवलेलंच असतं. ते किडनीच्या रुग्णाला पूर्ण बंद. सुके बोंबील किंवा जवळा मिठाविना वाळवलेला असला, तरी पाणी उडून गेल्यामुळे मुठीएवढ्या सुकटीत कितीतरी मासळीचे क्षार एकवटलेले असतात. चवीला चिमूटभर चटणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

अंड्याचा पांढरा भाग हा या रुग्णांचा खरा मित्र. प्रथिनं उत्तम आणि फॉस्फरस नगण्य. पिवळ्यात फॉस्फरस बराच असतो, म्हणून पिवळं आठवड्यातून दोन-तीनदाच.

काळीज, गुर्दा, भेजा, वजडी, पाया हे नको. आणि सर्वांत जास्त सावध राहायचं ते पाकिटातल्या मांसापासून. सॉसेज, सलामी, नगेट, गोठवलेले कबाब यांत मीठ तर असतंच, शिवाय मांस मऊ आणि ओलसर राहावं म्हणून बहुधा फॉस्फेटचे क्षार मिसळलेले असतात. साध्या मांसातला निम्म्याच्या आसपास फॉस्फरस अंगी लागतो. हा मिसळलेला जवळजवळ सगळाच रक्तात जातो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ४५०, ४५१, ४५२ किंवा ३३८ ते ३४१ यातला कुठलाही आकडा दिसला, तर ते पाकीट खाली ठेवा. पार्टीत मटणाबरोबर येणाऱ्या काळ्या कोल्ड्रिंकमध्येही ३३८ म्हणजे फॉस्फरिक आम्लच असतं. रक्तात फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत चुना साठत जातो.

डॉक्टरांनी फॉस्फरससाठी जेवणाबरोबरची गोळी दिली असेल, तर ती जेवणाबरोबरच घ्या. ती अन्नातल्या फॉस्फरसला पोटातच पकडते. जेवण झाल्यावर दोन तासांनी आठवण आली आणि गोळी घेतली, तर तिला पकडायला पोटात काही उरलेलं नसतं.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगते. रोहू, कटला यांसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांचं कच्चं पित्त गिळल्याने मधुमेह, दमा बरा होतो असं कुणी सांगेल. त्या पित्ताने धडधाकट माणसाची किडनीही काही दिवसांत बंद पडू शकते. अशा रुग्णांची नोंद आपल्या देशात वारंवार झाली आहे. दुसरं, कोकण-गोव्यात माशाच्या कालवणाला आंबटपणासाठी बिंबली घालतात, आणि करमळाच्या फोडीही आवडीने खातात. किडनीच्या रुग्णासाठी करमळ, म्हणजेच कमरख, थेट मेंदूवर परिणाम करणारं विष ठरतं. उचकी थांबत नाही, भ्रम होतो, झटके येतात, मृत्यूही ओढवतो. बिंबलीतलं ऑक्झलेट किडनीत जाऊन अडकतं. दोन्ही घरात आणूच नका. आंबटपणासाठी लिंबू आहे.

किडनी बदललेल्या रुग्णांसाठी वेगळी सूचना. तुमच्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. अर्धकच्चं मटण, हाफ-फ्राय अंडं, आदल्या रात्रीचं उरलेलं सुकं, उघड्यावरचे कबाब यांना हात लावू नका. नीट शिजलेलं, गरम, ताजं, एवढंच खा.

तपासणीच्या आदल्या रात्री मटण नको

ही छोटीशी गोष्ट कितीतरी घरांची झोप वाचवील. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन आयतंच रक्तात येतं. रात्री भरपूर मटण खाऊन सकाळी रक्त दिलं, तर अहवालात क्रिएटिनिन खोटं वाढलेलं दिसतं. घर हादरतं, औषधं बदलली जातात, कधी उगाच पथ्य आणखी कडक होतं. म्हणून रक्त देण्याआधी निदान १२ तास मांस-मासे खाऊ नका. गटारीच्या दुसऱ्या दिवशी तपासणी ठरली असेल, तर तारीख पुढे ढकला.

श्रावण पाळा, पण असा

श्रद्धेच्या आड मी येणार नाही. श्रावणात, चातुर्मासात मांस सोडायचं असेल तर जरूर सोडा. पण डायलिसिसवर असाल, तर सोडण्याआधी आठवडाभर आहारतज्ज्ञांना गाठून त्या प्रथिनांची भरपाई कशाने करायची ते लिहून घ्या. अंडं चालत असेल तर पांढरं, नाही तर पनीर आणि मापातली डाळ. आणि उपवास शक्यतो करूच नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. शेंगदाणे, बटाटा, रताळं, खजूर, केळं, शहाळं हे उपवासाचे पदार्थ पोटॅशियमने भरलेले आहेत. श्रावण सोमवारी उपाशीपोटी शहाळं पिऊन मंगळवारी मशीनवर येणारा रुग्ण आम्ही धास्तीने पाहतो. आजाऱ्याला उपवास माफ असतो, हे आपल्याच घरातली वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. त्यांचं ऐका.

सगळ्यांना विनंती

यजमानांना: किडनीचा रुग्ण तुमच्याकडे पंगतीला आला तर आग्रह करू नका, आणि त्याला ताटावरून उठवूही नका. दोन फोडी रश्शाशिवाय, बाजूला काकडी आणि लिंबू, एवढं न विचारता वाढा. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवू नका, छोटा पेला ठेवा.

खानावळवाल्यांना आणि आचाऱ्यांना: गिऱ्हाईक म्हणालं, ‘माझं मटण बिनमिठाचं, सुकं काढून द्या,’ तर हसू नका. मीठ-मसाला पडायच्या आधी शिजलेल्या चार फोडी बाजूला काढायला मिनिट लागत नाही.

डॉक्टर मित्रांना: ‘नॉनव्हेज बंद’ हे दोन शब्द लिहून रुग्णाला पाठवू नका. डायलिसिस आहे की नाही, वजन किती, अल्ब्युमिन, पोटॅशियम, फॉस्फरस किती हे पाहून ग्रॅममध्ये लिहून द्या, आणि डायलिसिस सुरू होईल त्या दिवशी जुना कागद स्वतःच्या हाताने फाडून नवा द्या. रुग्ण तुमचं अक्षर देवासारखं मानतो.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या प्रत्येकाला: आपल्याकडे किडनी निकामी होण्यामागे ही दोन कारणं आघाडीवर आहेत. किडनी निम्म्याहून अधिक बिघडेपर्यंत बहुतेकांना काही कळत नाही. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्या वर्षातून एकदा करा. पार्टीनंतर अंग दुखलं म्हणून वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. जिममधल्या कुणी सांगितली म्हणून प्रथिनांची भुकटी, आणि कुणी दिलं म्हणून ‘किडनी साफ करणारं’ भस्म घेऊ नका.

आणि रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना शेवटचं. आज रात्रीच जुनी फाइल काढा. शेवटच्या अहवालातले चार आकडे कागदावर लिहा: क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन. खाली वजन लिहा आणि डायलिसिस आहे की नाही ते लिहा. उद्या हा कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा: ‘मला दिवसाला किती ग्रॅम प्रथिनं? त्यात मटण-मासे-अंडी किती?’ बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, त्यांना भेटायला संकोच करू नका. इथे दिलेली मापं दिशा दाखवण्यापुरती आहेत, तुमचं माप तुमच्या रक्ताच्या अहवालावरूनच ठरेल. ते हातात येईपर्यंत रस्सा बंद ठेवा, मीठ कमी करा, आणि डायलिसिसवरच्या माणसाचं अंडं मात्र एक दिवसही चुकवू नका.